दोन्हीकडे घोडा, दोन्हीकडे धनुष्य. मग हरायचं कुणी?

प्रश्न असा आहे: १२०६ मध्ये ओनोन नदीकाठी तेमुजिनला चंगेजखान म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी मंगोल, तातार, मेर्कित, केराइत, नायमन या टोळ्या पिढ्यान् पिढ्या आपापसांत लढत होत्या. सगळ्यांकडे तीच घोडी, तशीच धनुष्यं. पळून जाण्याचं सोंग सगळ्यांनाच पाठ. मग ही लढाई दिसायची कशी, आणि त्यात जिंकायचं कोण? शिवाय, चंगेजखानानं नवीन असं काय केलं?

मी लष्करी इतिहास शिकवतो. हा विषय वर्गात दर वर्षी निघतो, पण बहुधा ‘मंगोलांचा बाण किती लांब जायचा’ इथून. तुम्ही ते टाळून थेट मुद्द्याला हात घातलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हत्यारं दोन्ही बाजूंना सारखीच असतील तर ती हिशेबातून वजा होतात. मागे उरतो तो प्रश्न असा: ज्याच्याकडे किल्ला नाही, शहर नाही, शेतात उभं पीक नाही, त्याला लढायला भाग कसं पाडायचं? समोरून आपल्या दुप्पट माणसं येताना दिसली तर तो तंबू उतरवतो, गाड्या जुंपतो आणि निघून जातो. जमीन सोडली म्हणून त्याची अब्रू जात नाही, कारण पुढचं कुरणही जमीनच आहे. अशा माणसाला मारण्याआधी गाठावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे. तो जे मागे टाकून पळू शकत नाही (बायकामुलं, म्हातारी माणसं, दुभती जनावरं, बैलगाड्या) त्यावर सगळं लक्ष असायचं. या टोळ्यांच्या बहुतेक युक्त्या शत्रूला गाठण्यासाठी, नाहीतर स्वतः गाठले जाऊ नये म्हणून होत्या. हे एक सूत्र धरलं की बाकीचे तपशील आपोआप जागेवर बसतात.

आता अटी. पहिली अट साधनांची. या काळासाठी आपण मुख्यतः ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथावर आणि इराणमध्ये चौदाव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या रशीदुद्दीनवर विसंबून आहोत. पहिला ग्रंथ राजघराण्याचा, दुसरा त्याच घराण्याच्या चाकरीतल्या वजिराचा. दोघांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. जमुखा या प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या दालान बाल्जुतच्या लढाईत गुप्त इतिहासाप्रमाणे तेमुजिन हरला, रशीदुद्दीनच्या मते जिंकला. अशा वेळी मी पहिल्याचं ऐकतो. घराण्याच्या ग्रंथात मूळपुरुषाचा पराभव उगाच कोण लिहील? आकड्यांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे हात आखडता घेतो. ‘तीनशे माणसं चालून आली’ असं वाक्य असेल तर ते मला पटतं. ‘वीस हजार घेऊन निघाले’ असं असेल तर त्याचा अर्थ मी ‘पुष्कळ’ एवढाच लावतो.

दुसरी अट प्रदेशाची. सेलेंगा नदीच्या खोऱ्यातले मेर्कित जंगलाच्या कडेला राहायचे. त्यांच्यात मासेमार होते, सेबल या मौल्यवान फरच्या प्राण्याची शिकार करणारे होते. तातार चीनच्या उत्तरेला राज्य करणाऱ्या जिन घराण्याच्या सीमेला लागून, त्यामुळे त्यांच्याकडे चांदी-मोती यायचे आणि त्याबरोबर राजकारणही. आल्ताय पर्वताकडचे नायमन तर जवळजवळ राज्यच: दरबार, शिक्का, तो सांभाळणारा उइघुर कारकून, सगळं होतं. या सगळ्यांना ‘टोळ्या’ म्हणून एका माळेत ओवलं की पंचाईत होते. खाली लिहितोय ते मुख्यतः ११५० ते १२०४ च्या दरम्यानच्या ओनोन आणि केरुलेन या नद्यांच्या परिसराबद्दल.

सगळ्यात खालच्या पायरीवर युद्ध आणि चोरी यांत फरकच नाही. तेमुजिन तरुण असताना त्याच्या घरचे आठ घोडे चोरांनी दिवसाढवळ्या पळवले. नववा घोडा घेऊन सावत्र भाऊ मार्मोटच्या (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) शिकारीला गेला होता, म्हणून तेवढा वाचला. त्या एका घोड्यावर तेमुजिन माग काढत काही दिवस फिरला. वाटेत बोओर्चू नावाचा मुलगा घोडीची धार काढताना भेटला, तोही सोबत निघाला. दोघांनी घोडे हाकून आणले. मागून चोरांची माणसं आली. सर्वांत पुढचा पांढऱ्या घोड्यावर, हातात उरगा, म्हणजे घोडा पकडायची फास लावलेली लांब काठी. तेमुजिननं वळून धनुष्य ताणलं. तोवर अंधार पडत आला आणि पाठलाग करणारे मागे राहिले. बस, एवढीच चकमक. थोडे बाण, भरपूर दौड, आणि रात्र झाली की मिटलं. आयुष्यभरात माणसाला युद्धाचा जो अनुभव यायचा तो बहुतेक असाच असायचा.

त्याच्या वरची पायरी तळावरच्या छाप्याची. तेमुजिनच्या बापानं, येसुगेईनं, चिलेदू नावाच्या मेर्किताची नवी नवरी पळवून आणली होती. तीच तेमुजिनची आई होएलुन. कित्येक वर्षांनी मेर्कितांनी हिशेब चुकता करायचं ठरवलं. पहाटे, दिसायला लागायच्या आत, तीनशे मेर्कित तेमुजिनच्या तळावर आले. तंबूत झोपलेल्या म्हाताऱ्या दासीला जमिनीची थरथर जाणवली, म्हणून घरच्यांना जाग आली. घोडे मोजकेच. पुरुष, आई आणि लहान मुलं घोड्यांवर बसून बुर्खान खाल्दुन डोंगराच्या दिशेनं सुटली. तेमुजिनची बायको बोर्ते हिला घोडा उरला नाही. दासीनं तिला बैलगाडीत लपवलं, गाडीचा आस मोडला आणि ती सापडली. मेर्कितांनी डोंगराला तीन फेऱ्या घातल्या, दाट रानात तेमुजिन काही हाती लागला नाही, आणि ‘सूड उगवला’ म्हणून ते घरी परतले.

हा प्रसंग वाचून विद्यार्थी चिडतात. बायकोला टाकून पळाला? पण त्या परिस्थितीत एका घरातल्या मूठभर पुरुषांनी तीनशेंना अडवलं असतं तर सगळेच मेले असते आणि बोर्ते तरीही गेली असती. लढणारे जिवंत राहिले तर माणसं परत आणता येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेर्कितांनी काय केलं नाही ते बघा. ते तिथे तळ ठोकून राहिले नाहीत, घराणं संपवायच्या मागे लागले नाहीत. एका बाईच्या बदल्यात एक बाई, शिवाय हाताला लागेल तेवढी लूट, आणि घरी. छाप्याचं उद्दिष्ट ठरलेलं आणि मर्यादित असायचं. म्हणून तर सूडचक्र पिढ्यान् पिढ्या चालू शकायचं.

उलट छाप्यातही हेच दिसतं. तेमुजिनसाठी केराइतांचा खान तोघरुल आणि जदरान कुळाचा जमुखा एकत्र आले. ठरल्या जागी तोघरुल आणि तेमुजिन तीन दिवस उशिरा पोचले, तर जमुखानं दोघांना झाडलं: हिमवादळ असो की पाऊस, भेटीची वेळ चुकवायची नाही असं ठरलं होतं ना? त्याचा राग रास्त होता. तीन दिवस एका जागी थांबलेल्या फौजेची बातमी कुणा ना कुणा मेंढपाळाच्या कानावर जातेच, आणि बातमी फुटली की छापा फुकट. पुढे त्यांनी किल्घो नदी तराफ्यांवरून ओलांडली. रात्री मेर्कितांचा प्रमुख तोक्तोआ याला त्याच्याच तंबूत, झोपेतच पकडायचा बेत होता. पण नदीवर रात्री मासे धरणाऱ्या नि शिकार करणाऱ्या मेर्कितांनी धावत जाऊन खबर दिली. तोक्तोआ मूठभर माणसांनिशी निसटला. तळ मात्र सापडला, बोर्ते सापडली, बाकीची माणसं वाटून घेतली गेली. म्हणजे जिंकूनही काम अर्धंच झालं. तोक्तोआ पुढे कितीतरी वर्षं तेमुजिनच्या प्रत्येक शत्रूच्या गोटात हजर होता.

आता घोड्याविषयी. कुठल्याही मंगोल लढाईचा नकाशा काढण्याआधी मी वर्गाला महिना विचारतो. तिथला घोडा बुटका, खांद्याशी साधारण १२० ते १४० सेंटिमीटर, आणि दाणा-वैरण न मागणारा. बर्फ खुरानं उकरून खालचं गवत खातो. याचा फायदा असा की फौजेमागून चाऱ्याच्या गाड्या न्याव्या लागत नाहीत. तोटा असा की घोड्याची ताकद गवतावर, म्हणजे ऋतूवर बांधलेली. शरद ऋतूत तो चरून टंच असतो, वसंत येईतो बरगड्या दिसायला लागतात, त्यात घोड्या व्यायलेल्या असतात. मोठ्या मोहिमा म्हणूनच शरदात आणि हिवाळ्याच्या तोंडावर काढायच्या. एका स्वाराला एक घोडा पुरतच नाही. राखीव घोडे ज्याच्याकडे जास्त, तो दोन दिवसांचा पल्ला एका दिवसात मारणार. जिनच्या आधी उत्तरेला राज्य करणाऱ्या खितान लोकांच्या ल्याओ राज्यात दर सैनिकामागे तीन घोडे असा नियमच होता. गरीब टोळीचं धनुष्य चांगलं असलं तरी राखीव घोडे कमी, आणि तिथेच ती हरायची.

बाणांबद्दल लोकांच्या कल्पना फार भव्य असतात, म्हणून चार शब्द. धावत्या घोड्यावरून तिरंदाजीचा मी थोडा सराव केला आहे. अजून बरी जमते असं म्हणणार नाही, पण एक गोष्ट अंगात मुरली. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याला डावी बाजू आणि मागची डावी बाजू मोकळी मिळते. उजवीकडचं लक्ष्य म्हणजे कमरेत पीळ घालून अवघडायचं. त्यामुळे दोन तुकड्या समोरासमोर फिरत असतील तर शत्रूला आपल्या डाव्या हाताला ठेवायची धडपड दोघांचीही. दुसरं म्हणजे अंतर. चंगेजखानाचा पुतण्या येसुंगे यानं १२२५ च्या सुमारास ३३५ आल्द (एक आल्द म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर) लांब बाण मारला, असं एका शिलालेखात कोरलं आहे. म्हणजे अर्धा किलोमीटर सहज. पण तो मेळाव्यातला पराक्रम होता, हलका बाण आणि निवांत नेम. जाड चामड्याच्या पट्ट्यांचं चिलखत फोडायचं असेल तर जड बाण आणि अगदी जवळून नेम लागतो. त्यात एकत्रीकरणाआधी गवताळ प्रदेशात लोखंडाची चणचण होती. ते सीमेवरच्या व्यापारातून यायचं, आणि तो व्यापार जिनच्या मर्जीवर. हाडाच्या टोकाचे बाण सर्रास वापरात होते. असे बाण माणसापेक्षा घोड्याला जास्त लागायचे.

साधनांत नोंदलेल्या जखमा बघितल्या तरी हेच दिसतं. कोयितेनच्या लढाईत तेमुजिनला मानेला बाण लागला, त्याच्या घोड्याच्याही मानेचं हाड मोडलं. १२०३ मध्ये त्याचा मुलगा ओगोदेई मानेलाच जखमी झाला, आणि त्याच लढाईत तोघरुलच्या मुलाच्या, सेंगुमच्या, गालात बाण घुसला. मान, गाल, घोडा. माझा तर्क असा की सरदार मंडळींची छाती झाकलेली होती आणि बाण उघड्या जागी लागले. खरा निकाल लावायला भाला घेऊन अंगावर जावं लागायचं. त्याच १२०३ च्या लढाईत तेमुजिनच्या बाजूनं लढणाऱ्या मंगखुत कुळातल्या खुयिल्दारला असाच भाला मारून घोड्यावरून पाडलं होतं. नुसत्या बाणांच्या पावसानं लढाई जिंकली असं मला तरी फारसं कुठे दिसत नाही.

मग बचाव कसा करायचा? कुरियेन, म्हणजे वर्तुळात मांडलेला तळ. रशीदुद्दीन सांगतो की जुन्या काळी टोळी एखाद्या ठिकाणी उतरली की तंबू-गाड्यांचं कडं करायची आणि म्होरक्या मधोमध, वर्तुळाच्या केंद्रबिंदूसारखा. दालान बाल्जुतला तेमुजिनकडे अशी तेरा कडी होती. कागदावर हा बचाव फार छान वाटतो. अडचण गवताची. शेकडो तंबू एका जागी म्हणजे हजारो जनावरं एका जागी, आणि कुरण काही दिवसांत बोडकं. मग कडं मोडून घराघरानं पांगावं लागतं, आणि पांगलं की छाप्याला मोकळं रान. सुरक्षितता आणि चारा यांची ही ओढाताण कुणालाच सोडवता आली नाही. हल्ला करणारा वाट बघायचा ती नेमकी शत्रू कधी पांगतो याची. जंगलाचा आधार असेल तर लाकडाचे कोट उभारायचे. ११९६ मध्ये जिनची फौज मागे लागली तेव्हा तातारांनी उल्जा नदीकाठी तसे कोट केले. पण जिनच्या सांगण्यावरून आलेल्या तोघरुल आणि तेमुजिन यांनी ते फोडले, मेगुजिन या तातार प्रमुखाला मारलं. लुटीत चांदीचा पाळणा आणि मोत्यांनी मढवलेलं पांघरूण मिळालं, याची नोंद ग्रंथात कौतुकानं केलेली आहे.

इथवर एवढं लक्षात ठेवा: छापा बातमीवर ठरतो, पल्ला घोड्यांवर ठरतो, बचाव गवतावर. उघड्या माळावरची आमनेसामनेची मोठी लढाई याच्यानंतर येते, आणि ती क्वचितच व्हायची.

ती व्हायची ती टोळ्यांचे संघ जमले तरच. १२०१ मध्ये बऱ्याच टोळ्यांनी मिळून जमुखाला गुरखान, म्हणजे सगळ्यांचा खान, केलं. त्यानंतरच्या कोयितेनच्या लढाईत नायमन आणि ओइरात सरदारांनी ‘जादा’ नावाच्या जादूच्या दगडानं वादळ बोलावलं, म्हणजे पाण्यात विशिष्ट दगड टाकून मंत्र म्हटले. वादळ आलं ते त्यांच्याच तोंडावर. मंत्राचं तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. शिंग, लाकूड आणि स्नायूच्या तंतूंपासून सरसानं चिकटवलेलं धनुष्य ओलाव्याला नाजूक असतं, तेव्हा हवा बघून लढणं हा शहाणपणाच होता. मला या लढाईतली रात्र जास्त बोलकी वाटते. दिवसभर झुंज झाली, तेमुजिन जखमी, दोन्ही फौजा तिथेच उतरल्या. तेमुजिनला तहान लागली म्हणून त्याचा सोबती जेल्मे उघड्या अंगानं शत्रूच्या तळात शिरला आणि गाडीतून दह्याचं भांडं उचलून आणलं. म्हणजे शत्रूच्या फौजेपाठी गाड्या होत्या, दही होतं, घरं होती. सकाळी बघतात तर शत्रूकडचे तायचिउद कुळातले लढवय्ये रातोरात पसार झालेले आणि त्यांची साधी माणसं कडं करून जागच्या जागी बसलेली, कारण आपल्याला पळता येणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. टोळी जिंकणं म्हणजे ही मागे राहिलेली माणसं हाती लागणं.

शिस्तीची आघाडी, राखीव फळी हे सगळं चंगेजखानानं शोधलं असं समजू नका. १२०३ मध्ये खलखलजित वाळवंटात केराइतांनी त्याच्यावर हल्ला केला तो लाटांनी: आधी जिर्गिन, मग तुबेगेन, मग दोंखाइत, मग खानाचे हजार रक्षक, आणि शेवटी मुख्य फौज. एकेका लाटेला तेमुजिनकडची उरुउत आणि मंगखुत ही कुळं भिडली आणि तिला मागे रेटत गेली. संध्याकाळपर्यंत टिकून राहिली, एवढंच. तेमुजिन रात्री मागे सरला आणि माणसं घोडे हाताशी धरून झोपली. पुढे मोजदाद केली तेव्हा त्याच्याकडे २६०० माणसं उरली होती. गुप्त इतिहासातला हा आकडा मला खरा वाटतो, कारण तो लाजिरवाणा आहे. आणि एवढीही वाचली ती बादाई आणि किशिलिख या दोन गुराख्यांमुळे. केराइतांचा बेत त्यांच्या कानावर पडला आणि रातोरात घोडे पिटाळत येऊन त्यांनी तो सांगितला. त्याच वर्षी तेमुजिननं परतफेड केली. आपला भाऊ खसार शरण येतोय अशी खोटी निरोपानिरोपी करून तोघरुलला गाफील ठेवलं. तोघरुल सोनेरी तंबू उभारून मेजवानीत रमला असताना रातोरात दौड मारून त्याचा तळ वेढला. तीन दिवस-रात्र लढाई झाली, केराइत मोडले. तोघरुल आणि सेंगुम तरीही निसटलेच.

इथे पळून जाण्याच्या सोंगाबद्दल. तुमची शंका रास्त आहे, दोघांनाही ते माहीत होतं. त्यामुळे आपापसांत मैदानावर त्याचा चमत्कार चालायचा नाही. तो शेतकरी देशांच्या फौजांवर अधिक चालला. आपापसांत हीच युक्ती शेकडो कोसांवर खेळायची. १२०४ मध्ये नायमनांच्या तायांग खानाचा बेत असाच होता. मंगोलांचा खराब खोगीर घातलेला एक रोडका घोडा नायमनांच्या हाती लागला, त्यावरून त्यानं ओळखलं की त्यांचे घोडे थकलेत. मग आल्तायपलीकडे मागे मागे सरकत जायचं, त्यांना दमवायचं आणि मग उलटायचं. बेत अव्वल होता. पण मुलगा कुचलुग आणि सरदार यांनी बापाला बायकी म्हणून हिणवलं, आणि तो भरीस पडून लढायला उभा राहिला. तेमुजिनकडे खरंच घोडे रोड होते. म्हणून त्यानं माळावर पसरून तळ दिला आणि माणशी पाच शेकोट्या पेटवायला लावल्या, घोडी चरून घेईतो नायमनांना आकडा कळू नये म्हणून. पुढे नाखूच्या उंचवट्यावर कोंडलेले नायमन रात्री उतारावरून पळताना एकमेकांवर कोसळून मेले.

आता मुळाशी येतो. इतकं सगळं येत असून कुणी कायमचं जिंकत का नव्हतं? तेमुजिनच्या आधीच्या पिढीत मंगोलांचा खान खुतुला तातारांशी तेरा वेळा लढला आणि सूड काही पुरा झाला नाही. तेरा! मला याची दोन कारणं दिसतात.

एक, लूट. जो ज्याला हात लावेल ते त्याचं, अशी जुनी रीत. शत्रूचा तळ लागला रे लागला की फौजेची फौज गाड्यांवर तुटून पडायची. कुणी घोडे हाकतोय, कुणी भांडी बांधतोय, कुणी बाई ओढून नेतोय. तेवढ्यात शत्रूचे लढवय्ये डोंगरापलीकडे गोळा होऊन एकतर कायमचे निसटणार, नाहीतर लुटीनं जडावलेल्यांवर उलटणार. जिंकल्यानंतरचा पहिला तास वाया जायचा, आणि या प्रकारच्या युद्धात खरी किंमत त्याच तासाला आहे.

दुसरं, माणसं. मराठी वाचकाला हे एका शब्दात कळेल: गवताळ प्रदेशातला प्रत्येक स्वार शिलेदार होता. घोडा त्याचा, धनुष्य त्याचं, जेवण त्याचं. त्याला बारगीर करून ठेवील अशी पागा कुणाकडे नव्हती. तो आपल्या मर्जीनं आला होता आणि मर्जी गेली की कुळासकट जायचा. दालान बाल्जुतला जमुखा जिंकला. नंतर त्यानं कैदी सत्तर कढयांत उकळले असं ग्रंथ सांगतो. आकडा सोडा, त्याच्या क्रौर्याची बोंब झाली एवढं नक्की. त्याचा परिणाम असा की लढाई संपल्यावर उरुउत आणि मंगखुत विजेत्याला सोडून हरलेल्या तेमुजिनकडे गेले. तेच लोक पुढे १२०३ मध्ये त्याच्यासाठी केराइतांच्या लाटा अडवत होते. मैदानावरचा निकाल आणि खरा निकाल यांत इतकं अंतर असायचं.

याच जागी तेमुजिननं बोट ठेवलं. १२०२ मध्ये तातारांवर निघताना त्यानं दोन हुकूम काढले. शत्रू मोडला तरी लुटीसाठी कुणी थांबायचं नाही, लूट नंतर सगळ्यांत वाटली जाईल. आणि मागे रेटलं गेलं तर जिथून चढाई सुरू केली त्या जागी परत यायचं. जो येणार नाही त्याचं डोकं उडवलं जाईल. त्याचे स्वतःचे नातलग अल्तान, खुचार आणि दारिताई यांनी पहिला हुकूम मोडला. त्यांनी बळकावलेली जनावरं जेबे आणि खुबिलाई यांना पाठवून काढून घेतली. (हा खुबिलाई सेनापती; पुढचा सम्राट कुब्लाई वेगळा.) तिघंही रुसून शत्रूकडे गेले, म्हणजे हुकूम किती बोचला ते बघा. त्या मोहिमेनंतर तातार पुरुषांची जी कत्तल झाली, गाडीच्या चाकाच्या खिळीपेक्षा उंच असेल त्याला मारायचं, तिचं समर्थन कुणी करणार नाही. पण मर्यादित सूडाचा जुना खेळ संपल्याची ती खूण होती.

दशमान पद्धत, म्हणजे दहा-शंभर-हजारच्या तुकड्या, हीही नवी नव्हती. इसवी सनापूर्वी २०९ मध्ये गादीवर आलेल्या शिओंग्नू या त्याच प्रदेशातल्या प्राचीन भटक्या लोकांच्या राजा मोदूकडेही तीच होती. १२०४ ते १२०६ मध्ये नवं झालं ते हे की हरलेल्या टोळ्यांची माणसं फोडून वेगवेगळ्या हजारांत वाटली गेली. १२०६ मध्ये अशी ९५ हजारी पथकं नेमल्याची यादी आहे. आता रुसून निघून जायला मागे कूळच उरलं नाही.

गनिमी काव्याशी तुलना करायचा मोह आपल्याकडे होतोच, तेव्हा तेही सांगून टाकतो. दौड, बातमी, अवचित छापा, हे सारखं आहे. पण शिवाजी महाराजांच्या घोडदळापाठीमागे गड होते. परत यायला जागा होती, खजिना आणि कबिला ठेवायला भिंती होत्या. ओनोनकाठच्या स्वाराचा कबिला त्याच्याबरोबर माळावर होता, आणि युद्धाचं लक्ष्य नेमकं तेच होतं. त्यामुळे साम्य डावपेचांत आहे, युद्धाच्या सांगाड्यात नाही.

शेवटी पुन्हा मेर्कितांकडे, कारण फरक तिथे स्वच्छ दिसतो. जुन्या रीतीनं तोक्तोआ निसटला की प्रकरण मिटलं असतं. तेमुजिन मात्र त्याच्या मागे पार इर्तिश नदीपर्यंत गेला, आणि तिथल्या लढाईत तोक्तोआ बाण लागून मेला. मुलांना प्रेत नेता येईना, म्हणून ती डोकं कापून घेऊन पळाली. त्या मुलांच्या मागे आपला सेनापती सुबेदेई याला लोखंडी मजबुतीच्या गाड्या देऊन पाठवलं. त्याला दिलेले हुकूम बहुतेक घोड्यांबद्दलच आहेत: घोडे रोडावण्याआधीच जपा, रोडावल्यावर जपून उपयोग नाही. वाटेत शिकार भरपूर दिसेल, पण शिधा पुरवण्यापलीकडे शिकार करू देऊ नका. चालीत असताना लगाम तोंडात घालू नका, म्हणजे कुणाला घोडा उधळता येणार नाही. मोडेल त्याला शिक्षा करा. चुई नदीकाठी सुबेदेईनं त्या मुलांना गाठून संपवलं.